मेलाटोनिनने यकृत वाचवलं, पण नेमकं कशामुळे?

तुम्ही विचारलंय: कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृताचं विष दिलेल्या रॅटमध्ये मेलाटोनिन या झोपेशी संबंधित हार्मोनमुळे एएलटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) कमी आलं, तर मेलाटोनिनने अँटिऑक्सिडंट म्हणून काम केलं असं लिहिता येईल का? एवढ्यावरून नाही.

हे विष मूळ रूपात फारसं घातक नसतं. यकृतातलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्यापासून ट्रायक्लोरोमिथिल रॅडिकल (अतिशय क्रियाशील रेणू) बनवतं आणि ते पेशीपटलातल्या मेदाम्लांवर तुटून पडतं. म्हणजे रॅडिकल तयारच होऊ दिलं नाही किंवा तयार झालेलं निकामी केलं (अँटिऑक्सिडंटचं काम हे दुसरं), तरी एएलटी दोन्हीकडे उतरलेलंच दिसणार.

माझ्या मते पहिला संशय सॉल्व्हंटवर, म्हणजे औषध ज्यात विरघळवतात त्या द्रवावर, घ्यावा. मेलाटोनिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून १० मिग्रॅ पावडर ०.५ मिली इथेनॉलमध्ये विरघळवून सलाइनने १० मिली करतात. १० मिग्रॅ/किलो हा नेहमीचा डोस धरला तर २०० ग्रॅमच्या रॅटच्या पोटात २ मिली द्रावण टोचावं लागतं, आणि त्यातून ०.१ मिली इथेनॉल जातं. ६० किलोच्या माणसाच्या वजनाने मोजलं तर ३० मिली शुद्ध अल्कोहोल! हेच इथेनॉल सीवायपी२ई१वर विषाची जागा अडवतं. इथेनॉलऐवजी डीएमएसओ हे दुसरं सॉल्व्हंट घेतलंत तर ते स्वतःच हायड्रॉक्सिल रॅडिकल टिपतं. म्हणून ‘विष + नुसतं सॉल्व्हंट’ हा गट हवाच. ‘विष + सलाइन’शी केलेली तुलना फसवी ठरते.

दुसरा प्रश्न वेळेचा. रॅटच्या रक्तात मेलाटोनिनचं अर्धायुष्य साधारण २० मिनिटं. एका गटाला विषाच्या ३० मिनिटं आधी द्या, दुसऱ्याला काही तासांनी. उशिरा देऊनही फायदा दिसला, तर ‘रॅडिकल बनूच दिलं नाही’ हे स्पष्टीकरण बरंच लंगडं पडतं.

रक्त २४ तासांनी घ्या. सिरम लालसर दिसलं तर तो नमुना बाद करा, कारण फुटलेल्या तांबड्या पेशींमुळे एएसटी (एएलटीसोबत मोजलं जाणारं दुसरं एन्झाइम) खोटं वाढतं. एमडीए (मेदाच्या ऑक्सिडेशनमधून बनणारा पदार्थ) मोजण्यासाठी यकृत वाटतानाच बीएचटी हे ऑक्सिडेशन थांबवणारं रसायन घाला. नाहीतर मेदाचं ऑक्सिडेशन परीक्षानळीतही चालू राहतं आणि ५३२ नॅनोमीटरला मोजलेल्या गुलाबी रंगात तेही धरलं जातं.

आणि मेलाटोनिनच्या गोळ्यांशी या डोसची तुलना करायची तर: रॅटचा १० मिग्रॅ/किलो डोस ६.२ने (शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेला आकडा) भागला की माणसाचा येतो, ६० किलोला जवळपास ९७ मिग्रॅ. झोपेसाठीची गोळी सहसा १ ते ५ मिग्रॅची असते.