ब्लूजमध्ये ढोल का नाही?

प्रश्न असा होता की गुलाम दोन्हीकडे आफ्रिकेतूनच नेले, मग क्यूबाच्या संगीतात ढोलच ढोल आणि अमेरिकेतल्या जुन्या ब्लूजमध्ये, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत, नुसता गिटारवाला, असं का?

मुख्य कारण कायद्यात सापडतं. 1739 मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, तोही ढोल वाजवत. मळेवाल्यांना कळलं की ढोलावरून निरोपही जातात. 1740 च्या कायद्याने ढोल, शिंगं, मोठ्या आवाजाचं काहीही बाळगायला बंदी आली. (न्यू ऑर्लीन्सची गोष्ट वेगळी, तिथे काँगो स्क्वेअरमध्ये रविवारी ढोल वाजत.) मग ताल हातापायांत उतरला: टाळ्या, मांड्यांवर थापा. सुरांत आफ्रिका राहिलीच. ब्लूज गाणारा सूर ओढतो ना, आपल्या मींडेसारखा, तो ऐका.

क्यूबात स्पॅनिश राजवटीने गुलामांना आपापल्या जमातीचे काबिल्दो, म्हणजे मंडळंच म्हणा, चालवू दिले. उदारपणा वगैरे नव्हता, जमाती वेगवेगळ्या राहिलेल्या सरकारला सोयीच्या होत्या. पण त्यामुळे पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा जमातीचे बाटा नावाचे ढोल पूजेसकट टिकले. शिवाय अमेरिकेने 1808 मध्ये बाहेरून गुलाम आणणं बंद केलं, क्यूबात मात्र 1860 च्या दशकापर्यंत जहाजं येत राहिली. गुलामगिरी संपली 1886 ला. म्हणजे तिथे आठवणी ताज्या होत्या.

आता हातानेच करून बघा. सोळा मोजा आणि 1, 4, 7, 11, 13 वर टाळी द्या. ही सोन क्लावे, म्हणजे क्यूबाच्या ‘सोन’ संगीताचा मूळ ठेका. मी तबल्याकडून इकडे आलो, त्यामुळे महिनाभर यात सम शोधत बसलो होतो! तीनतालाशी याचा संबंध काही नाही, पण आपल्याला पाठ करायला एक सोय आहे: 1 आणि 13 ला तीनतालातही टाळी आहे, आणि नववी मात्रा दोन्हीकडे मोकळी. सातवरची टाळी आठवर सरकवली की रुंबा या दुसऱ्या क्यूबन प्रकाराची क्लावे. एवढ्याशा सरकण्याने चाल लंगडते, आणि गंमत तीच आहे. क्लावेची बाजू (तीन टाळ्यांची की दोन टाळ्यांची) चुकवून वाजवणाऱ्याला क्यूबात ‘क्रुसादो’ म्हणतात, म्हणजे आडवा गेलेला.

तर ढोल गेला तरी क्लावेचा हा साचा अमेरिकेत परत आलाच. अमेरिकन गायक-गिटारवादक बो डिडलीचं 1955 चं, त्याच्याच नावाचं गाणं लावा आणि गिटारवर या पाच टाळ्या मोजा.