'लफेव्र' आडनाव आणि त्यातला मुका 'बी'

ताई, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. सूनबाईंच्या 'लफेव्र' (Lefebvre) या फ्रेंच आडनावात लिहिताना 'बी' येतो, तो बोलताना जातो कुठे? त्यांचे आजोबा सांगतात तसं घराणं खरंच नेपोलियनच्या सरदाराचं आहे का? आणि नेटवर विकत मिळणारं कुलचिन्ह नातवाच्या बारशाला फ्रेम करून द्यावं का? मी बरीच वर्षं फ्रान्समधल्या जुन्या चर्चच्या नोंदवह्या वाचतोय आणि हे आडनाव त्यांत सारखं भेटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लफेव्र म्हणजे लोहार. लॅटिनमधला 'फाबेर', म्हणजे धातू किंवा लाकूड घडवणारा कारागीर. त्याचा जुन्या फ्रेंचमध्ये 'फेव्र' झाला आणि पुढे 'ल' हे उपपद चिकटलं. बोलीतून हा शब्द कधीच गेला, आज लोहाराला 'फोर्जरों' म्हणतात. (गंमत म्हणजे ज्या 'फोर्ज'वरून तो आला तोही त्याच फाबेरच्या गोतातला, 'फाब्रिका'चा अपभ्रंश.) सोनाराला मात्र अजून 'ऑर्फेव्र' म्हणतात. पॅरिसच्या पोलिसांमुळे गाजलेला 'के देझोर्फेव्र' म्हणजे सोनारांचा घाट.

फ्रान्समध्ये आडनावं रुळायला लागली ती साधारण अकराव्या-बाराव्या शतकापासून. एका गावात चार-पाच 'जां' असले की ओळखायचं कसं? कुणाला बापाच्या नावाने, कुणाला केसांच्या रंगावरून, कुणाला धंद्यावरून. शेतकरी सगळेच, त्यामुळे 'शेतकरी' म्हणून ओळख पटत नाही. लोहार मात्र गावात एखाद-दुसराच, आणि नांगराचा फाळ घेऊन प्रत्येकाला त्याच्या दारात जावंच लागे. म्हणून त्याचं नाव पक्कं झालं, आणि ते प्रत्येक गावात वेगवेगळं पक्कं झालं. आपल्याकडे कुलवृत्तांत काढतात तसा समस्त लफेव्रांचा कुलवृत्तांत निघूच शकत नाही, कारण मूळपुरुष एक नाहीच. ज्या गावात भाता तिथे एक लफेव्र घराणं.

प्रदेशाप्रमाणे या नावाची रूपं बदलतात, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. उत्तरेला पिकार्दी, नॉर्मंडीकडे लफेव्र. दक्षिणेच्या ऑक्सितान बोलीत फाब्र आणि फोर. सावॉयकडे फाव्र. गास्कोनीत 'फ'चा 'ह' होतो, म्हणून तिथे ओर. ब्रिटनीत भाषाच वेगळी, तिथला लोहार म्हणजे ल गॉफ. अल्सासमध्ये जर्मन वळणाचा श्मिट. किड्यांच्या अभ्यासासाठी जगभर ओळखले जाणारे जां-आंरी फाब्र दक्षिणेतल्या आव्हेरोंचे आणि इतिहासकार जॉर्ज लफेव्र उत्तरेतल्या लिलचे. नातं काहीच नाही, आडनावाचा अर्थ मात्र तोच.

आता 'बी'कडे येऊ. जुन्या लिखाणात 'यू' आणि 'व्ही' ही एकाच अक्षराची दोन रूपं होती आणि शब्दाच्या मध्ये ते बहुधा 'यू'सारखंच काढत. म्हणजे नुसतं 'फेव्र' लिहिलं तरी वाचणाऱ्याला मधलं अक्षर स्वर आहे की व्यंजन हे कळेना. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या लॅटिन जाणणाऱ्या कारकुनांनी त्याच्या आधी एक 'बी' घातला. त्यामुळे पुढचं अक्षर व्यंजन आहे हे कळे आणि मूळ फाबेरची आठवणही राही. तो उच्चारायचा नव्हताच, तो डोळ्यांसाठी होता. पण पुढे काही ठिकाणी लोकांनी तो 'यू' स्वर समजून वाचला आणि 'बी'सुद्धा उच्चारला. त्यातून 'लफेब्यूर' हे आणखी एक आडनाव जन्मलं. नुसत्या लेखणीतून निघालेलं आडनाव!

म्हणून शोधताना स्पेलिंगवर अडून बसू नका. मी एकदा एक बाप्तिस्म्याची नोंद वाचत होतो. समासात आडनाव 'बी' घालून, आतल्या मजकुरात त्याच पाद्र्याने 'बी' गाळून, आणि खाली बापाच्या सहीच्या जागी फक्त फुली, शेजारी 'सही करता येत नाही असे सांगितले' हे वाक्य. ज्याचं नाव त्यालाच लिहिता येत नव्हतं, मग खरं स्पेलिंग कुणाचं म्हणायचं? ऐकणाऱ्याच्या हाताला जे आलं ते कागदावर उतरलं.

सरदाराचं म्हणाल, तर फ्रांस्वा-जोझेफ लफेव्र हे नेपोलियनचे मार्शल. जन्म 1755, अल्सासमधलं रूफाक. बायको कात्रीन एकेकाळी कपडे धुण्याचं काम करायची. दान्झिग शहर (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) जिंकल्यावर नेपोलियनने त्यांना तिथला ड्यूक केलं. त्यांना बरीच मुलं झाली, पण एकही आईबापांच्या पश्चात उरलं नाही. 1820 मध्ये मार्शल गेले आणि ती पदवीही त्यांच्याबरोबर संपली. थेट वंशज असणं शक्य नाही. आजोबांना हे जपून सांगा. अशा गोष्टी माणसं प्रेमाने सांभाळतात आणि तुमच्याकडे त्याबदल्यात देण्यासारखं काही सापडेपर्यंत त्या हिरावून घेऊ नयेत असं मला वाटतं.

कुलचिन्हावर मात्र एक पैसाही घालवू नका. चिन्ह एखाद्या घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं. शिवाय 1696 मध्ये चौदाव्या लुईने तिजोरी भरण्यासाठी चिन्हांची सशुल्क नोंदणी सुरू केली, तेव्हा व्यापारी आणि कारागीर धरून लाखाहून जास्त चिन्हं नोंदली गेली. तेव्हा खरं चिन्ह सापडलं तरी त्यावरून सरदारकी सिद्ध होत नाही.

खरा शोध घ्यायचा तर आडनाव बाजूला ठेवून गावाचं नाव मिळवा. फ्रान्समधली दप्तरं गाववार लावलेली असतात. बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम 1539 चा, राजाने व्हिलेर-कोत्रे या गावी काढलेला. 20 सप्टेंबर 1792 पासून हे काम चर्चकडून सरकारकडे आलं. 1794 च्या कायद्याने जन्मनोंदीतलंच नाव लावायची सक्ती झाली आणि स्पेलिंगं हळूहळू गोठली. जिल्ह्यांच्या पुराभिलेखागारांनी बहुतेक वह्या स्कॅन करून फुकट ठेवल्या आहेत. जन्म आणि लग्नाच्या नोंदी 75 वर्षांनी खुल्या होतात, म्हणून आधी पणजोबांचं लग्न गाठा. त्यात दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं मिळतात. दर दहा वर्षांची सूचीही असते, तिथून सुरुवात करा. 1793 ते 1805 च्या तारखा फ्रेंच क्रांतीच्या काळात काढलेल्या वेगळ्या कॅलेंडरमधल्या दिसतील, त्या बदलून घ्याव्या लागतात. घराणं पॅरिसचंच निघालं तर थोडी अडचण आहे. मे 1871 मध्ये पॅरिस कम्यूनच्या बंडात झालेल्या जाळपोळीत 1860 पूर्वीच्या नोंदींच्या दोन्ही प्रती जळाल्या, नंतर जेमतेम एक तृतीयांश पुन्हा उभ्या करता आल्या.

एक सोय मात्र आपल्यापेक्षा चांगली आहे. तिथे बाई लग्नानंतरही नोंदीत माहेरच्याच नावाने राहते, थेट मृत्यूपर्यंत. आपल्याकडे पणजीचं माहेर शोधताना जीव जातो, तिथे तो धागा तुटत नाही. सूनबाईंच्या आजीची, पणजीची बाजू आधी बघा, कदाचित तीच लवकर मागे जाईल. गावाचं नाव कळलं की इथे लिहा. जुनं हस्ताक्षर लागलं नाही तर पानाचा फोटो टाका, मी वाचून देईन.