परसातल्या कोंबड्या : तुमचे प्रश्न

प्रश्न : घरात पाच माणसं. रोज चार-पाच अंडी मिळायला कोंबड्या किती ठेवाव्यात आणि खुराडं केवढं बांधावं? मागे २० फूट बाय १० फूट जागा आहे. मुंगूस फार. — एक वाचक, कुडाळ

उत्तर : आधी जात ठरवा, आकडा मागून येतो. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते आणि मधेमधे खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. तिच्यावर भिस्त ठेवली तर ३० कोंबड्या लागतील आणि तुमची जागा त्यांना पुरणार नाही. ग्रामप्रियासारखी सुधारित जात बऱ्या खाद्यावर परसात १८०च्या आसपास देते, म्हणजे सरासरी दोन दिवसांत एक अंडं. दहा पुरतात, मरतूक धरून १२ ठेवा. नर-मादी न निवडलेली पिल्लं मिळाली तर २५ घ्या, निम्मे कोंबडे निघतील. तलंगा (वयात येणाऱ्या माद्या) अंड्यावर यायला साडेपाच-सहा महिने जातात.

नुसतं रात्री कोंडायचं असेल तर कोंबडीमागे २ चौरस फूट चालतात. कोकणात हा हिशेब धरू नका. पावसाची झड लागली की त्या दिवस-दिवस आतच असतात. दाटी झाली की पिसं उपटणं सुरू होतं, आणि रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात. म्हणून ८ फूट बाय ५ फूट बांधा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा आणि पश्चिमेची ५ फुटी बाजू पूर्ण बंद करा, पावसाचा मारा तिकडूनच येतो. लांब बाजूंना वरच्या अर्ध्यात जाळी, पागोळ्या अडीच-तीन फूट बाहेर. जमीन दीड-दोन फूट उंच चौथऱ्यावर घ्या. पत्र्यापेक्षा कौलं बरी, एप्रिल-मेमध्ये फरक कळतो.

जाळीत पैसे वाचवू नका. षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची वेल्डमेश (तारा सांध्यांवर जोडलेली चौकोनी जाळी) लावा आणि भोवतीच्या जागेला जाळीचं कुंपण केलंत तर त्याची खालची कड फूटभर जमिनीत पुरा. दाराखाली बोटभर फट राहिली तरी मुंगसाला पुरे होते. कौलांच्या खालूनही जाळी हवी.

आत बसायला ८ फुटी दांडा, दोन इंच जाड, कडा गोल केलेला. कोंबडीमागे आठ इंच मिळतात. दांडा घरट्यांपेक्षा उंच असावा, नाहीतर त्या घरट्यातच झोपतात आणि अंडी विष्ठेने माखतात. चार कोंबड्यांना एक या मापाने फूट बाय फूटची तीन घरटी पुरतात. खाली भाताच्या तुसाचा तीन इंच थर. मुठीत दाबून गोळा झाला तर तूस ओलं आहे, काढून टाका. ओल्या तुसातूनच रक्ती हगवण पसरते.

खाद्य कोंबडीमागे रोज ११० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ४० किलो. ‘त्या फिरून खातात’ यावर विसंबू नका. एवढ्या जागेतलं गवत महिन्याभरात संपतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा.

प्रश्न : थंडीत अंडी निम्म्यावर येतात. खाद्य तेच आहे. — एक वाचक, तासगाव

उत्तर : दिवस लहान होतो म्हणून. अंड्यावरच्या कोंबडीला १४-१६ तास उजेड लागतो, डिसेंबरात तो ११ तासच असतो. पाच वॅटचा एलईडी पुरतो. तो पहाटे लावा. रात्री अचानक विझवला तर अंधारात त्यांना दांडा सापडत नाही. आठवड्याला अर्धा तास वाढवत न्या. मात्र मान-पाठीची पिसं गळत असतील तर ती पिसं झडायची पाळी आहे, दिव्याने फरक पडणार नाही.

प्रश्न : कोंबडा हवाच का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : अंड्यांसाठी नाही. पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांत एक. सोसायटीत राहत असाल तर पहाटेच्या बांगेचं आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या.