घर विकायला काढलंय? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये रीसेल फ्लॅटचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. गिऱ्हाईक यायच्या आत घराचं नेमकं काय करायचं आणि कशावर पैसे घालायचे नाहीत, हा बहुतेक पत्रांचा रोख आहे. निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : कोथरूडला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) ६५० चौरस फूट, इमारत पंचवीस वर्षांची. एजंट सांगतो, फॉल्स सीलिंग आणि नवं मॉड्युलर किचन करा, भाव वाढवून मिळेल. खर्च साडेतीन लाख. करावा का?

नको. पंचवीस वर्षं जुना फ्लॅट घेणारा माणूस स्वयंपाकघर आपल्या सोयीनं तोडून बांधायचं हे ठरवूनच येतो. तुम्ही बसवलेल्या किचनचे पैसे तो देणार नाही. उलट 'हे काढायचा खर्च' म्हणून भाव पाडून मागेल. फॉल्स सीलिंगनं दहा फुटी खोली साडेनऊची होते आणि वर ओल लपवली असेल ही शंका फुकट पदरात पडते.

पहिलं काम बिनखर्चाचं आहे : सामान कमी करा. गिऱ्हाईक कपाटं उघडून बघतं, माळ्यावर टॉर्च मारतं. प्रत्येक कपाट निदान एक तृतीयांश रिकामं दिसलं पाहिजे, नाहीतर 'इथे सामान मावत नाही' एवढंच लक्षात राहतं. दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये सहा बाय साडेसहाचा पलंग, लोखंडी कपाट आणि शिलाई मशीन असेल तर कपाट आणि मशीन बाहेर काढा. पलंगाच्या एका बाजूनं तरी तीन फूट चालायला वाट हवी. काढलेलं सामान दुसऱ्या बेडरूममध्ये रचू नका. तसं केलं की ती खोली अडगळीची म्हणूनच लक्षात राहते. नातेवाइकांकडे ठेवा किंवा सरळ विकून टाका. घर बदलताना ते नाहीतरी निघणारच आहे.

मग बारीकसारीक दुरुस्त्या. गळणारा नळ (बहुतेक वेळा वॉशर किंवा स्पिंडल बदलून काम भागतं), सतत वाहणारी फ्लशची टाकी, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, अडकणारी सरकती खिडकी (खालचे रोलर झिजलेले असतात), पिवळी पडलेली स्विचची पट्टी, फाटलेली मच्छरजाळी. जमिनीच्या फरश्यांवर नाण्यानं टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर खालचा माल सुटलाय. एखाद-दुसरी असेल तर बसवून घ्या. या सगळ्याला प्लंबर आणि सुताराचे दोन दिवस पुरतात. गळका नळ बघितला की माणूस मनात म्हणतो, 'न दिसणाऱ्या पाइपांचं काय झालं असेल?' ती शंका भावातून वळती होते, आणि ती रक्कम वॉशरच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

रंग द्याच. ६५० चौरस फूट कार्पेटच्या घरात भिंती आणि छत मिळून साधारण २,२०० ते २,४०० चौरस फूट भरतात. साध्या इमल्शनचे दोन हात द्यायचे तर लिटरला १०० ते १२० चौरस फूट धरा. म्हणजे छत आणि भिंती मिळून अठरा ते चोवीस लिटर रंग लागतो. आधी जुन्या भिंतीवरून बोट फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली तर खाली चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. तो खरवडून प्रायमर मारल्याशिवाय इमल्शन दिलं तर पापुद्रे सुटतात. रंगारी घाईत असला की नेमकी हीच पायरी खातो. छत पांढरं, भिंती सगळीकडे एकच फिका रंग. एका भिंतीला गडद रंग द्यायचा मोह आवरा. रंगकाम घर दाखवायच्या निदान दहा दिवस आधी संपवा. ताज्या रंगाचा वास आला की जाणकार माणूस ओल शोधायला लागतो.

दिवे शेवटी. अनेक घरांत एका खोलीत पिवळा, दुसरीत निळसर पांढरा दिवा असतो आणि घर तुकड्यातुकड्यांचं वाटतं. सगळीकडे ४००० केल्विनचे (ना पिवळे ना निळसर, मधल्या पांढऱ्या उजेडाचे) एलईडी लावा. दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये नऊ वॉटचे दोन पुरतात, हॉलमध्ये चार.

प्रश्न : ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या भिंतीला खालून दीड फूट ओल आहे. रंगारी म्हणतो, वॉटरप्रूफ रंग मारतो, दोन-तीन महिने काही दिसणार नाही. तेवढ्यात व्यवहार होईल. चालेल का?

चालणार नाही, दोन्ही अर्थांनी. भिंतीत पाणी येत राहिलं आणि वरून घट्ट थर दिला तर ओल त्या थराच्या मागे साठते, क्षार बाहेर ढकलले जातात आणि रंग फुगतो. दोन-तीन महिने हा अंदाज रंगाऱ्याचा. पावसाळ्यात दोन आठवडेही पुष्कळ झाले. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. माहीत असून झाकलेली ओल नंतर वादाचं कारण होते.

कारण शोधा, ते फार अवघड नाही. ओल फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीखालची पट्टी किंवा ड्रेनेजचा बाहेरचा पाइप बघा. बारा महिने असेल आणि भिंतीपलीकडे बाथरूम असेल, तर बाथरूमचा तळ किंवा भिंतीतला पाइप. तळ तपासायला नहाणी ट्रॅपला (जमिनीतल्या जाळीखाली पाणी वाहून जायची वाट) कापडी बोळा घट्ट बसवा, इंचभर पाणी भरा, पातळीवर पेन्सिलनं खूण करा आणि चोवीस तास नळ वापरू नका. पातळी उघड उघड उतरली तर ट्रॅपभोवतीचा सांधा किंवा टाइल्समधल्या फटी दोषी. मात्र आधी खालच्या मजल्यावर सांगून ठेवा, नाहीतर तुमची चाचणी त्यांच्या छतावर उमटेल. पातळी तशीच राहिली तर प्लंबरकडून हातपंपानं पाइपांची प्रेशर टेस्ट करून घ्या.

भिंतीत पाणी येतंय की हवेतला दमटपणा बसतोय असा संशय असेल तर फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर लावा. दोन दिवसांनी प्लास्टिकच्या आत थेंब दिसले तर पाणी भिंतीतलं. बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेतलं.

दोष बाथरूमच्या तळात निघाला तर टाइल्समधल्या फटी एपॉक्सी ग्राउटनं भरणं हा पहिला, स्वस्त उपाय. त्यानं न भागल्यास तळ उकरून वॉटरप्रूफिंग पुन्हा करावं लागतं. पाणी थांबल्यावर सुटलेली पुट्टी गिलाव्यापर्यंत खरवडा, लोणा (भिंतीवर आलेले पांढरे क्षार) कोरड्या ब्रशनं झाडा. तो पाण्यानं धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. मग दोन ते तीन आठवडे पंखा लावून सुकू द्या आणि त्यानंतर प्रायमर, पुट्टी, रंग. दुरुस्तीआधीचे फोटो आणि बिलं जपून ठेवा आणि गिऱ्हाइकाला आपणहून दाखवा. बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपमधून गळती असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) तो खर्च सोसायटीचा आहे. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : स्वयंपाकघराच्या टाइल्सवर तेलाचा चिकट थर आणि बाथरूममध्ये पांढरे डाग. अ‍ॅसिड वापरू का?

तेलाला अ‍ॅसिड नको, सोडा हवा. अर्धी बादली गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा आणि थोडं भांड्याचं लिक्विड घाला, कापड भिजवून टाइल्सवर दहा मिनिटं चिकटवून ठेवा, मग घासा. चिमणीची जाळी स्टीलची असेल तर याच पाण्यात बुडवा. अॅल्युमिनियमची असेल तर नको, सोड्यानं ती काळी पडते.

बाथरूममधले पांढरे डाग बोअरच्या जड पाण्याचे. गरम पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड (लिंबूसत्व), लिटरला चार-पाच चमचे, पंधरा मिनिटं लावून घासा. बाजारातलं कडक अ‍ॅसिड टाइल्समधली भर खातं, नळांची चकाकी घालवतं, आणि ओटा कडाप्पाचा असेल तर त्यावर कायमचे डाग पाडतं, कारण कडाप्पा हा चुनखडीचाच दगड. कोणतंही अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : सुनेचं म्हणणं, देवघर आणि घरातल्यांचे फोटो काढून ठेवावेत. देव हलवायचे?

देव हलवायची गरज नाही. देवघर नेटकं ठेवा, धुरानं काळवंडलेली मागची भिंत पुसा, उदबत्तीचा मारा करू नका (कसला तरी वास दडपताय असं वाटतं). फोटोंबाबत मात्र सुनेचं ऐका. भिंतभर फोटो असले की येणारा माणूस तेच बघत बसतो. त्यासोबत औषधं, दागिने, चेकबुकं आणि बँकेची पत्रं कुलपात जाऊ द्या. महिनाभर अनोळखी माणसं घरात फिरणार आहेत.

प्रश्न : मी दुबईला असतो. नाशिकचा फ्लॅट चार वर्षं बंद आहे. भाऊ दाखवायला गेला की घाण वास येतो. काय करावं?

बंद घरात नहाणी ट्रॅप, बेसिन आणि कमोडमधलं पाणी आटतं. तो पाण्याचा अडसर गेला की ड्रेनेजचा वास आणि झुरळं थेट वर येतात. प्रत्येक ट्रॅपमध्ये लिटरभर पाणी ओतायला सांगा आणि वर दोन चमचे खाद्यतेल. तेलाच्या थरानं पाणी सावकाश आटतं. बहुतेक घरांत एवढ्यानं वास जातो.

मग आठवडाभर रोज दोन-तीन तास समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. नळ पाच-दहा मिनिटं सोडून द्यायचे. सुरुवातीला गंजाचं तांबडं पाणी येतं आणि ते गिऱ्हाइकासमोर यायला नको. गिझर पाणी भरल्याची खात्री केल्याशिवाय सुरू करायचा नाही, एलिमेंट जळतं. डांबरगोळ्या भरून ठेवू नका. त्या वासानं लोक बुरशी शोधतात. दारांच्या चौकटींवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकल्यावर लाकूड पोकळ वाजलं तर वाळवी आहे. चौकट रंगवू नका, आधी पेस्ट कंट्रोल करून लेखी हमीपत्र घ्या.

रिकामी खोली असते त्यापेक्षा लहान वाटते. फर्निचर भाड्यानं आणायचं नसेल तर जमिनीवर मास्किंग टेपनं पाच बाय साडेसहाच्या पलंगाची आणि दोन फूट खोल कपाटाची चौकट आखून ठेवा. लोक तिच्याभोवती फिरून बघतात आणि 'पलंग मावेल का' हा प्रश्नच उरत नाही. वीज चालू ठेवा. अंधारात दाखवलेलं घर विकलं जात नाही. विक्रेता अनिवासी असेल तर गिऱ्हाइकाला टीडीएस जास्त कापावा लागतो, एरवीचा एक टक्का इथे लागू नाही. हे पहिल्याच बोलण्यात सांगा. बयाणा घेतल्यावर कळलं तर व्यवहार अडतो.

प्रश्न : जाहिरातीसाठी मोबाइलवर फोटो कसे काढावेत?

मोबाइल आडवा, छातीच्या उंचीवर, म्हणजे चार फुटांच्या आसपास. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून समोरच्या दोन भिंती येतील असा. ०.५ची वाइड लेन्स टाळा. तिनं खोली दीडपट दिसते, माणूस प्रत्यक्षात आल्यावर दारातच निराश होतो आणि पुढचं काही नीट बघत नाही. पूर्वेच्या खोल्या दुपारी, पश्चिमेच्या सकाळी घ्या, म्हणजे खिडकीतून उन्हाची तिरीप येत नाही. पडदे पूर्ण उघडे, कमोडचं झाकण खाली, ओट्यावर गॅस सोडून काही नको. आधी लेन्स पुसा; तेलकट बोटांमुळे निम्मे फोटो धुरकट येतात. दहा-बारा फोटो पुरे, त्यात पार्किंग, लिफ्ट आणि खिडकीतून दिसणारं खरं दृश्य हवंच. समोर भिंत असेल तर भिंतच दाखवा.

प्रश्न : घर चकाचक आहे, पंधरा-वीस जण बघून गेले, आवडलंही म्हणाले. पुढे काहीच होत नाही.

घर आवडूनही लोक परत येत नसतील तर भाव किंवा कागद. जुन्या करारात बिल्टअप (भिंती धरून) किंवा सुपर बिल्टअप (जिना, लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटाही धरून) क्षेत्र लिहिलेलं असतं आणि जाहिरातीत तेच दिलं जातं. गिऱ्हाईक घरी जाऊन कार्पेटवर दर काढतं आणि गप्प बसतं. रेराच्या (स्थावर संपदा कायद्याच्या) व्याख्येनुसार कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. टेप घेऊन मोजा आणि खोल्यांच्या मापांसह साधा नकाशा हातात द्या.

सोबत एक फाइल टेबलावर असू द्या : पहिल्या विक्रीपासूनचे सगळे करार, तुमच्या खरेदीची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदणीचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची ताजी पावती, वीजबिल आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. गृहकर्ज शिल्लक असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र. मधला एखादा करार हरवला असेल तर त्याची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून आताच काढा. घेणाऱ्याची बँक तीच पहिल्यांदा मागते. सोसायटी हस्तांतरण शुल्क किती घेणार हेही विचारून ठेवा. महापालिका हद्दीत ९ ऑगस्ट २००१ च्या शासकीय परिपत्रकानुसार कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. 'बिल्डिंग फंड' किंवा 'ऐच्छिक देणगी' म्हणून त्यावर मागणी होत असेल तर ती लेखी मागा.