निर्णायक लढाईने युद्ध संपते का?

इंग्रज इतिहासकार एडवर्ड क्रीझी यांचे जगातील पंधरा निर्णायक लढायांवरचे पुस्तक वाचावे का, आणि त्या लढायांनी युद्धे खरोखर संपली का, असे आपण विचारले आहे. पुस्तक जरूर वाचावे. फक्त १८५१ सालच्या या ग्रंथकाराने ‘निर्णायक’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला, ते आधी ध्यानात घ्यावे. निकाल उलटा लागला असता तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता, एवढीच त्यांची कसोटी आहे. युद्ध थांबले की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. ग्रीकांनी इराण्यांना हरवलेल्या मॅरेथॉनच्या लढाईनंतर दहाच वर्षांनी इराणी फौजा पुन्हा ग्रीसवर चालून आल्या. क्रांतीतल्या फ्रान्सने प्रशियाला रोखलेल्या १७९२ च्या व्हाल्मीच्या लढाईनंतर युरोप दोन दशकांहून अधिक काळ लढत राहिला. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या १७७७ च्या साराटोगाचे खरे फळ म्हणजे पुढच्याच वर्षी फ्रान्स अमेरिकनांच्या बाजूने उतरला. इंग्लंडशी तह व्हायला मात्र १७८३ उजाडले.

या पंधरांत हिंदुस्थानातील एकही लढाई नाही. मी बीडचा असल्यामुळे ही उणीव मला अधिक जाणवली, कारण आमच्याच मुलखात हा प्रश्न अनेकदा तपासला गेला आहे. १७२८ मध्ये वैजापूरजवळच्या पालखेडला बाजीरावांनी निजामाचे दाणापाणी तोडले आणि मुंगी-शेवगावचा तह झाला; १७६० मध्ये उदगीरला आणि १७६३ मध्ये गोदाकाठच्या राक्षसभुवनला पुन्हा निजामच हरला. सर्वांत बोलके उदाहरण खर्ड्याचे आहे. बीड जिल्ह्याच्या सीमेलगतच्या या गावी ११ मार्च १७९५ रोजी बहुतेक सारे मराठे सरदार एकत्र आले होते. प्रत्यक्ष हातघाई फारशी झाली नाही, पण निजामाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला आणि शेवटी मुलूख, मोठी खंडणी व स्वतःचा दिवाण मराठ्यांच्या हवाली करावा लागला. याहून पूर्ण विजय तो कोणता? तरीही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव गेले, गादीचा तंटा पेटला, आणि त्या धामधुमीत निजामाने गमावलेले बरेचसे परत मिळवले. त्याचे राज्य पुढे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत टिकले.

उलट २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई पाहावी. जालना जिल्ह्यातील या गावाजवळ ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, पण त्याचीही दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. युद्ध तेवढ्याने थांबले नाही. उत्तरेत लासवारी आणि दक्षिणेत अडगाव व गाविलगड येथेही लढाया झाल्यावरच डिसेंबरात देवगावचा आणि सुर्जी-अंजनगावचा तह झाला, आणि लगेच पुढच्या वर्षी होळकरांशी नवे युद्ध जुंपले. असईचा परिणाम टिकला तो कंपनीपाशी दुसरी फौज, पैसा आणि पुढची मोहीम तयार होती म्हणून. खर्ड्यानंतर पुण्यात नेमके हेच नव्हते, असे माझे मत आहे.

म्हणून क्रीझी वाचताना प्रत्येक प्रकरण संपले की त्या युद्धाचा तह कधी झाला आणि तो किती वर्षे पाळला गेला, हे शेजारी कागदावर टिपून ठेवावे. लेखकहक्क केव्हाच संपल्याने मूळ इंग्रजी पुस्तक मोफत मिळते. सुरुवात साराटोगापासून करावी. मॅरेथॉनचे पहिलेच प्रकरण फार लांबले आहे.