क्लास, ऑनलाइन की घरीच? आधी मुलीला स्वतःचा पेपर तपासू द्या

अकरावी सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की आईवडील हा प्रश्न घेऊन येतात: "मॅडम, एपीसाठी क्लास लावायचा, ऑनलाइन घ्यायचं, की तिचं ती करेल?" एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाची परीक्षा. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय करायचा, मे महिन्यात पेपर द्यायचा, निकाल १ ते ५ असा लागतो.

इंदूरच्याच एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. राहायला राजेंद्रनगरात, मुलगी सीबीएसईला, अकरावीत गणित आणि अर्थशास्त्र. पुढे अमेरिकेत अर्थशास्त्रच शिकायचं ठरलेलं. तिला दोन एपी करायच्या होत्या, कॅल्क्युलस आणि मायक्रोइकॉनॉमिक्स. घरात माणसं तीन आणि मतंही तीन. बाबांना विजयनगरच्या बाजूचा क्लास हवा होता, कारण "समोर सर असले की पोरं बसतात." आईला ऑनलाइन हवं होतं, कारण संध्याकाळचा एबी रोड आणि रात्री उशिरा एकटी परतणारी मुलगी. मुलीला दोन्ही नको होतं. "काकू, सगळं नेटवर फुकट आहे," एवढंच म्हणाली.

मी विचारलं, "परीक्षा कोणत्या मेमध्ये?"

तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. खरं तर सगळा गुंता इथेच असतो. अमेरिकेतले अर्ज बारावीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत जातात. बारावीनंतरच्या मेमध्ये पेपर दिला तर निकाल जुलैत, म्हणजे प्रवेश ठरून गेल्यावर. अर्जात गुण दाखवायचे असतील तर अकरावी संपतानाचा मे गाठायला हवा. आणि सीबीएसईच्या अकरावीत कॅल्क्युलस म्हणून जेमतेम लिमिट आणि डेरिव्हेटिव्हची तोंडओळख असते, इंटिग्रेशन सगळं बारावीला. म्हणजे कॅल्क्युलस एक वर्ष आधी शिकावं लागणार. मायक्रोचं उलट आहे. तो भाग अकरावीच्या अर्थशास्त्रात असतोच, वरचं थोडं करावं लागतं.

मग मी एक गृहपाठ दिला. कॉलेज बोर्ड जुन्या वर्षांचे दीर्घोत्तरी प्रश्न आणि ते तपासण्याचे निकष साइटवर फुकट ठेवतं. दोन्ही विषयांतला एकेक छोटा भाग तिनं स्वतः वाचायचा, त्यावरचा एकेक जुना प्रश्न घड्याळ लावून सोडवायचा आणि निकष समोर ठेवून स्वतःच गुण द्यायचे. त्याच उत्तरांच्या प्रती, तिचे गुण न दाखवता, मी ओळखीच्या दोन शिक्षकांकडे तपासायला दिल्या.

मायक्रोत तिनं स्वतःचा एक गुण कापला होता, आकृतीतल्या अक्षांना नावं दिली नाहीत म्हणून. शिक्षकांनीही तोच कापला. कॅल्क्युलसमध्ये मात्र तिनं स्वतःला ९ पैकी ९ दिले आणि शिक्षकांनी ५. उत्तरं सगळी बरोबर होती. पण इथे महत्तम बिंदू सापडला एवढ्यावर भागत नाही, डेरिव्हेटिव्ह धनाचं ऋण होतं म्हणून तो महत्तम, असं शब्दांत लिहावं लागतं. कॅल्क्युलेटरवर इंटिग्रल काढलं तरी मांडणी कागदावर हवी, एकक विचारलं असेल तर एकक हवं. निकष समोर असूनही हे तिला दिसलं नव्हतं, कारण उत्तर बरोबर आलं की आपली मुलं पुढच्या प्रश्नावर जातात.

"मुलगी शिस्तीची आहे का" हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. शिस्तीची मुलं चुकीची गोष्ट रोज नेमानं करताना मी बघते. जिथे मुलीची आणि शिक्षकांची तपासणी जुळते, तो विषय ती एकटीनं करू शकते. जिथे फरक पडतो, तिथे पैसे खर्च करायचे, तेही शिकवण्यासाठी कमी आणि तपासून घेण्यासाठी जास्त. म्हणून ठरलं, मायक्रो घरी आणि कॅल्क्युलसला माणूस.

तो माणूस क्लासमधला का नको, हे बाबांना पटवायला वेळ लागला. तिथल्या जेईई शिकवणाऱ्या सरांना कॅल्क्युलस कमी येतं असं अजिबात नाही, कित्येकदा जास्तच येतं. पण तिथे सवय पर्याय निवडायची किंवा आकडा काढायची, कॅल्क्युलेटर बंद आणि चुकीला मायनस. एपीत मायनस नाही, पेपरच्या काही भागांत ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच, आणि कॅल्क्युलसमध्ये निम्मे गुण लेखी उत्तरांना. एखादे सर दर आठवड्याला वही तपासून द्यायला तयार असते तर मी आईला एबी रोडचा ट्रॅफिक सोसा म्हणाले असते. चौकशी केली तेव्हा बॅचमध्ये तशी सोय नव्हती.

ऑनलाइनमध्येही दोन जाती. रेकॉर्डेड कोर्स म्हणजे फी भरून केलेला सेल्फ स्टडीच. आईनं पसंत केलेला तसाच निघाला. लाइव्ह घ्यायचा तर वेळ बघा. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच, आणि सकाळी लगेच शाळेची बस. शेवटी भारतीय वेळेतली, थोड्याच मुलांची लाइव्ह बॅच मिळाली. पैसे भरण्याआधी आम्ही एकच गोष्ट मागितली: एका तपासलेल्या उत्तराचा नमुना. त्यावर शिक्षकाच्या हातचे शेरे होते.

एपी कॅल्क्युलसच्या परीक्षा दोन, एबी आणि तिच्याहून मोठी बीसी. बीसीऐवजी एबी घे, असं मी सुचवलं. एबीतलं जवळजवळ सगळं बारावीला पुन्हा कामी येतं. बीसीत त्यावर टेलर सीरिज, पोलर वक्र वगैरे चढतं, जे सीबीएसईत कुठेच नाही, आणि अकरावीच्या मेपर्यंत ते सगळं रेटायचं तर शाळेच्या गुणांवर येतं. अर्जात शाळेचे गुण आधी बघितले जातात. मुलगी थोडी हिरमुसली.

बाबांची शेवटची शंका: "घरी केलं तर तिकडे कमी लेखतील का?" गुणपत्रकावर कुठे शिकलात हे छापलेलं नसतं. कोर्स न करता परीक्षा देता येते. शाळेच्या मार्कशीटवर एपी कोर्स दिसणार नाही हे खरं, पण शाळेत तो कोर्सच नसेल तर न घेतल्याचा दोष मुलीकडे जात नाही. त्यापेक्षा परीक्षेच्या जागेची काळजी करा, म्हटलं. केंद्र शोधून नोंदणी दिवाळीच्या सुमारालाच उरकावी लागते, आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला जागा द्यायची की नाही हे केंद्र ठरवतं. दुसऱ्या शहरात जावं लागलं तर तिकीट आणि मुक्काम हिशेबात धरा.

मार्चमध्ये बाबांचा फोन आला, बारावीनंतरच्या मेमध्ये बीसी देऊन टाकायची का म्हणून. त्या निकालाचा उपयोग फक्त क्रेडिटसाठी, म्हणजे कॉलेजात तो विषय झाला असं धरलं जावं यासाठी, आणि ते प्रत्येक कॉलेजचं वेगळं. एमआयटी बीसीच्या ५ वर पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते, कॅलटेक एपीवर क्रेडिट देतच नाही. तिच्या यादीतल्या कॉलेजांचे तक्ते आधी काढा आणि मग नोंदणीचं बघू, असं सांगून फोन ठेवला.