वाचक विचारतात : दयाळाची पहाट आणि आरशातला वैरी

मागच्या अंकात पक्ष्यांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर निम्म्या लोकांनी पक्ष्यांच्या तक्रारीच पाठवल्या. चालतंय. पाच पत्रं घेतलीत, नावं गाळून.

प्रश्न (गंगापूर रोड) : आमच्या बिल्डिंगच्या डिश अँटेनावर एक काळा-पांढरा पक्षी फेब्रुवारी संपता संपता येऊन बसतो आणि पहाटे साडेतीन-चारला जो सुरू होतो तो उजाडेपर्यंत. दिवाळीत हाच पक्षी खाली बागेत दिसतो पण गाणं काही नाही. याला मधेच काय होतं? आणि सोसायटीने नवीन एलईडी लावलेत त्याचा काही संबंध?

उत्तर : हा दयाळ, आणि गातोय तो नर. दिवाळीत तो मुका नसतो, चर्र चर्र करतो, पण त्याला गाणं कोण म्हणणार. मार्चपासून जुलैपर्यंत त्याचा विणीचा हंगाम, आणि त्याची तयारी आधीपासून सुरू होते ती दिवसाच्या लांबीमुळे. नाशकात डिसेंबरमधे दिवस साधारण ११ तासांचा, जूनमधे १३ तासांच्या वर. आपल्याला वाटेल की दोन-अडीच तासांनी काय होतंय, पण पनामात स्पॉटेड अँटबर्ड म्हणून एक छोटा पक्षी आहे त्याच्यावर १९९८ साली प्रयोग छापून आला, दिवस फक्त १७ मिनिटांनी वाढवला तरी त्याला कळलं आणि त्याचं शरीर विणीच्या तयारीला लागलं. त्यामानाने नाशिकचा फरक म्हणजे चंगळच.

आता गंमत अशी की हा उजेड पक्षी डोळ्यांनी मोजत नाही. म्हणजे डोळ्यांनी दिसतं ते वेगळं, पण ऋतूचा हिशोब मेंदूच्या आत खोलवर उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात त्या ठेवतात, आणि उजेड तिथपर्यंत कवटीतून झिरपत जातो. मायकेल मेनेकर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६०-७० च्या सुमारास हे चिमण्यांवर दाखवलं, आपल्या घरातल्याच चिमण्या. आंधळ्या चिमण्यांनासुद्धा मोठा दिवस कळायचा. मग डोक्याच्या कातडीखाली काळी शाई भरली तर कळेनासं झालं, आणि डोक्यावरची पिसं उपटली तर अगदी मंद उजेडही पुरायला लागला. प्रयोग वाचायला बरा वाटत नाही, पण उत्तर पक्कं मिळालं.

तर उजेड मोजला की मेंदूकडून त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप, पिट्युटरीकडून वृषणांना, आणि हिवाळ्यात मोहरीएवढं असलेलं वृषण वालाच्या दाण्याएवढं होतं, वजनात शेकडो पट. (वर्षभर हे ओझं घेऊन उडायला नको म्हणून हंगाम संपला की परत आटतं.) त्यातून टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन रक्तात येतं आणि मेंदूत गाण्यासाठी ज्या खास जागा असतात त्यांच्यावर काम करतं. कॅनरी पक्ष्यात तर या जागा वसंतात चक्क मोठ्या होतात, नंतर लहान होतात. न्यूयॉर्कच्या फर्नांडो नॉटेबोम यांनी हे दाखवलं, आणि त्याच कामातून पुढे मोठ्या पक्ष्याच्या मेंदूतही नवीन पेशी तयार होतात हे समजलं, तोवर असं काही होत असेल हे बहुतेक कोणी मानतच नव्हतं.

एलईडीचं म्हणाल तर संशय रास्त आहे. जर्मनीत ब्लॅकबर्ड पक्ष्यांना रात्री फक्त ०.३ लक्स उजेडात ठेवलं, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्याखाली असतो त्यापेक्षा कितीतरी कमी, तर त्यांचे वृषण जवळपास महिनाभर आधी वाढले. तुमच्या दयाळावर कोणी मोजमाप केलेलं नाही, पण दिव्याला वरून टोपी बसवून उजेड खालीच पाडा असं सोसायटीला सांगून बघा, खर्च फार नाही. दयाळ मात्र गाणारच. पहाटे गाणं हा त्याचा धंदाच आहे.

प्रश्न (सिडको) : पार्किंगमधल्या माझ्या स्कूटरच्या आरशावर एक बुलबुल रोज चोची मारतो, आरसा घाण करून ठेवतो. घरचे म्हणतात त्याला स्वतःचं रूप आवडतं.

उत्तर : रूप कसलं, त्याला आरशात वैरी दिसतोय. त्याच्या हद्दीत घुसलेला, याने पंख फुलवले की तोही फुलवतो, याने चोच मारली की बरोबर तिथेच चोच मारतो आणि काही केल्या पळून जात नाही, आता असा शत्रू खऱ्या जंगलात कधी भेटत नाही म्हणून बिचारा थांबत पण नाही. दयाळ, शिंजीर हेही करतात. पक्ष्यांच्या हार्मोनचे अभ्यासक जॉन विंगफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मधे मांडलं की नराचं टेस्टोस्टेरॉन सगळा हंगाम सारखं चढलेलं नसतं. समोर दुसरा नर येऊन भिडला की ते उसळतं, आणि पिल्लांना भरवायची वेळ आली की खाली येतं.

खाली का येतं, तर चढलेलं ठेवलं की काय होतं ते अमेरिकेत व्हर्जिनियात जुंको नावाच्या छोट्या पक्ष्यांवर करून बघितलंय. एलेन केटरसन आणि व्हॅल नोलन यांनी नरांच्या कातडीखाली टेस्टोस्टेरॉनची बारीक नळी बसवली. हे नर जास्त गायचे, जास्त लांब फिरायचे, शेजारच्या घरट्यांतसुद्धा त्यांची पिल्लं निघाली. पण स्वतःच्या पिल्लांना भरवायला टाळाटाळ, आणि ते जगलेही कमी. म्हणजे मर्दानगी फुकट मिळत नाही हो.

उपाय : गाडी लावली की आरशांवर जुने मोजे चढवा. काही आठवड्यांत घरट्याचं काम लागलं की तो विसरतो.

प्रश्न (निफाड) : विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी पावसाळ्यातच का लागतात? तेव्हा तर दिवस लहान व्हायला लागलेले असतात.

उत्तर : दिवसाची लांबी शरीर तयार करते, पण नेमकी वेळ पाऊस ठरवतो. विणायला लांब हिरवं पातं लागतं आणि पिल्लांना किडे लागतात, दोन्ही पाऊस पडल्याशिवाय कुठून येणार. घरटं विणतो तो नर. अर्धं विणून मादीला दाखवतो, पसंत पडलं तर पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पुढचं घरटं, पुढची मादी. हे सलीम अलींनी अलिबागजवळ किहीमला बसून १९३० च्या सुमारास नोंदवलंय.

प्रश्न (इंदिरानगर) : घरी झेब्रा फिंचची जोडी आहे. नर गातो, मादी अजिबात नाही. दुकानदार म्हणाला एक हार्मोनची गोळी देतो, मादीपण गाईल. देऊ का?

उत्तर : देऊ नका. आधी तर ती काय गोळी आहे ते दुकानदाराला तरी माहीत आहे का? दुसरं म्हणजे मोठ्या झालेल्या झेब्रा फिंच मादीवर त्याचा उपयोगच नाही. कॅनरीच्या मोठ्या मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं तर ती गाते हे खरं, पण झेब्रा फिंचमधे गाण्याची यंत्रणा मादीच्या मेंदूत लहानपणीच खुरटते. १९८० मधे मार्क गर्नी आणि मासाकाझू कोनिशी यांनी अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या माद्यांना इस्ट्रोजेन दिलं, हो, मादीचं हार्मोन समजतात ते इस्ट्रोजेनच, तेव्हा त्यांच्या मेंदूचा तो भाग नरासारखा वाढला. वेळ गेली की गेली.

आणि सगळं हार्मोनवरच आहे असंही नाही. २००३ साली एका झेब्रा फिंचचा अभ्यास आला जो उजव्या अंगाने नर होता आणि डाव्या अंगाने मादी. दोन्ही बाजूंना रक्त तेच, हार्मोन तेच, तरी मेंदूतली गाण्याची जागा उजवीकडे जास्त मोठी. म्हणजे पेशीतले जीन स्वतःही काही ठरवतात. (पक्ष्यांत आपल्या उलट असतं, नर-मादी ठरवणारे क्रोमोसोम, म्हणजे जीन ज्यांच्यावर असतात ते धागे, नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड एक डब्ल्यू.) बाकी गाणं हे नराचंच काम असं समजू नका, जगात कितीतरी जातींत माद्या गातात.

प्रश्न (नाशिक रोड, बारावी सायन्स) : पक्ष्याचं गाणं जीनमधे असतं की तो शिकतो? आणि स्वभाव जीनवर ठरतो याचं एखादं ठोस उदाहरण मिळेल का?

उत्तर : कोकीळ कावळ्याच्या घरट्यात वाढतो, कावळ्याचंच ऐकत मोठा होतो आणि तरी कुहूच करतो, त्याचं सगळं जन्मजात. पण तो गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात मोडत नाही. त्या गटातल्यांना, म्हणजे दयाळ, बुलबुल, झेब्रा फिंच वगैरेंना, ऐकून शिकावं लागतं, पण शिकता येण्यासाठी जीन लागतात. त्यातला एक फॉक्सपी२, माणसात तो बिघडला की बोलणं अडखळतं. २००७ मधे बर्लिनमधल्या संशोधकांनी झेब्रा फिंचच्या पिल्लांच्या मेंदूत एका ठरावीक जागी हा जीन दाबला, तर पिल्लं गुरूच्या गाण्याची नक्कल अर्धवट आणि चुकीची करायला लागली.

स्वभावासाठी उत्तर अमेरिकेतली पांढऱ्या गळ्याची चिमणी घे. तिच्यात दोन प्रकार, डोक्यावर पांढरे पट्टे आणि डोक्यावर बदामी पट्टे, नर-मादी दोन्हींत. पांढरे पट्टेवाले भांडखोर, जास्त गाणारे, पिल्लांकडे कमी बघणारे. बदामीवाले शांत, भरवण्यात पुढे. आणि जोडी जवळजवळ नेहमी पांढरा-बदामी अशीच जमते, म्हणून काही शास्त्रज्ञ गमतीने म्हणतात की या पक्ष्यात चार लिंगं आहेत. कारण काय, तर दुसऱ्या क्रमांकाच्या क्रोमोसोमचा एक मोठा तुकडा उलटा बसलाय, हजाराच्या आसपास जीन त्यात, ते सगळे एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. पांढऱ्यांकडे या उलट्या तुकड्याची एक प्रत असते, बदामींकडे नसते. त्या गठ्ठ्यात इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या रिसेप्टरचा जीनही आहे, आणि पांढऱ्यांच्या मेंदूत एका भागात तो जास्त चालतो. २०२० मधे अटलांटाच्या डॉना मेनी यांच्या गटाने त्या भागात हा एकच जीन दाबला आणि पांढरे पट्टेवाले बदामींइतकेच मवाळ झाले. डोक्यावरचे पट्टे मात्र होते तसेच राहिले.